बाबांचं घड्याळ : दुरुस्त करावं की नवीन घ्यावं?



घरातली जुनी वस्तू बंद पडली की एकच प्रश्न पुढे येतो, दुरुस्त करायची की नवीन घ्यायची? पंखा किंवा मिक्सर असेल तर हिशोब सोपा असतो. दुरुस्तीला नव्याच्या निम्म्याहून जास्त पैसे लागत असतील तर नवीन घ्या, असं घरोघरी सांगितलं जातं. पण वस्तू घरातल्या माणसाची असेल आणि तो माणूस आता नसेल, तर हा हिशोब अपुरा पडतो. आमच्या घरात हा प्रश्न एका हातातल्या घड्याळामुळे आला. त्याचं उत्तर शोधताना मला थोडं गणित, थोडा इतिहास आणि थोडी आमची आई नव्याने कळली. म्हणून हा निबंध लिहिते आहे. वर्गात 'कालमापन' शिकवताना तुम्हालाही यातलं काही वापरता येईल.

घड्याळ कोणतं?

घड्याळ एचएमटीचं, 'जनता' नावाचं. पांढरी डायल, काळे आकडे, चावीचं मशीन. चावीचं म्हणजे बॅटरी नाही, बाजूची छोटी चावी बोटांनी फिरवून रोज त्यात जीव भरायचा. माझे बाबा एसटीत वाहक होते, पनवेल आगारात. आपले लोक कंडक्टर म्हणतात. उरण, पेण, अलिबाग या बाजूच्या गाड्यांवर त्यांची ड्युटी असायची. कंडक्टरच्या नोकरीत घड्याळ म्हणजे दागिना नव्हे, तिकिटांच्या ट्रेसारखंच कामाचं साधन. गाडी किती वाजता सुटली, कुठे किती वाजता पोहोचली, सगळ्याचा हिशोब लागतो. पावसाळ्यात गाडी उशिरा पोहोचली की नियंत्रकासमोर पहिली गोष्ट बघितली जायची ती वेळ.

२०१५ साली बाबा निवृत्त झाले, २०१९ मध्ये गेले. त्यानंतर घड्याळ कपाटात जाईल असं मला वाटलं होतं. पण ते देवघराशेजारच्या फळीवर राहिलं आणि चालूच राहिलं. कारण आई रोज सकाळी त्याला चावी द्यायची. आंघोळ, देवाला दिवा, मग घड्याळाला चावी. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की काटे जुळवायचे. बाबाही तसंच करायचे. मग ते पुन्हा फळीवर. कुणी ते हातात घालत नव्हतं, तरी ते बंद पडलं नव्हतं.

२०२४ च्या पावसाळ्यात एके सकाळी आईने चावी फिरवली आणि ती नुसतीच फिरत राहिली. नेहमी दहा-पंधरा वेळा फिरवली की बोटाला थोडा जोर लागतो, मग थांबायचं असतं. त्या दिवशी तो जोर लागलाच नाही. आईने फोनवर सांगितलं, "अगं, चावी भरतच नाही."

तीन पर्याय

टपाल नाक्याच्या बाजूला एका दुकानाच्या पायरीलगत घड्याळ दुरुस्त करणारे एक काका बसतात. लाकडी पेटी, वर काच, डोळ्याला भिंग. पूर्वी पनवेलच्या बाजारात असे बरेच जण होते. आता मोबाईल दुरुस्तीची दुकानं ओळीने दिसतात, घड्याळवाले शोधावे लागतात. काकांनी मागचं झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "ताई, मेन स्प्रिंग तुटलीय. तेल सुकलंय. दोन चाकांना गंज आलाय, दमट हवा आहे ना आपली."

मग त्यांनी तीन पर्याय सांगितले.

पहिला : मशीन पूर्ण खोलून धुवायचं, स्प्रिंग बदलायची, गंजलेली चाकं दुसऱ्या जुन्या एचएमटीतून काढून घालायची. खर्च १,४०० रुपये. हमी सहा महिन्यांची. पुढच्या वेळी सुटे भाग मिळतील की नाही, याचा शब्द नाही.

दुसरा : केस आणि डायल तीच ठेवायची, आतलं मशीन काढून बॅटरीवालं टाकायचं. खर्च ५०० रुपये. चावी द्यायची कटकट संपली.

तिसरा : हे जपून ठेवायचं आणि वापरायला नवीन घ्यायचं. सहाशे-सातशे रुपयांत साधं, चांगलं घड्याळ मिळतं.

शिवाय काकांनी एक जोड सुचवली. "डायल पिवळी पडलीय, चारच्या आकड्याजवळ डागपण आहे. नवी रंगवलेली डायल टाकून देतो, एकदम चकाचक. कुणी जुनं म्हणणार नाही."

मी २०२४ मध्ये पवित्र पोर्टलमार्फत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले. डी.एड. झाल्यावर चौदा वर्षं खासगी शाळा आणि शिकवण्या करत काढली होती. शिक्षणसेवकाचं मानधन महिन्याला १६,००० रुपये. त्यात घरभाडं, मुलीची फी, प्रवास. १,४०० रुपये ही माझ्यासाठी सहज बाजूला काढायची रक्कम नव्हती. म्हणून मी घड्याळ परत पर्समध्ये ठेवलं आणि "विचारून सांगते" म्हणाले.

भावाचं म्हणणं

माझा धाकटा भाऊ कळंबोलीला मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. आई त्याच्याकडे राहते. तो व्यवहारी आहे आणि त्याचं म्हणणं मला पटण्यासारखं होतं.

"ताई, १,४०० घालून सहा महिन्यांची हमी? आणि भाग दुसऱ्याच्या घड्याळातले. मग ते बाबांचं घड्याळ राहिलं का? त्यापेक्षा बॅटरीचं मशीन टाक. डायल बाबांचीच राहील, वेळ बरोबर दाखवेल, आईचा त्रासही वाचेल. उरलेल्या पैशात तुझ्या पोरीला नवीन घड्याळ येईल. तिची शिष्यवृत्तीची परीक्षा आहे ना?"

परीक्षेचा मुद्दा खरा होता. आईने आधीच जाहीर केलं होतं की नातीने आजोबांचं घड्याळ घालून परीक्षेला जायचं. मुलगीही त्यासाठी हट्ट धरून बसली होती. म्हणजे घड्याळ वेळेवर चालू व्हायला हवं होतं आणि भरवशाचंही हवं होतं.

भावाच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. एक, भाग बदलले तर घड्याळ तेच राहतं का? दोन, चावीचं घड्याळ वेळ दाखवण्यात कमी पडतं का? मी दोन्ही प्रश्न घेऊन थोडा अभ्यास केला. शिक्षिकेची सवय, दुसरं काय!

एचएमटीची थोडी माहिती

एचएमटी ही भारत सरकारची कंपनी, स्थापना १९५३, बंगळुरूची. सुरुवातीचं नाव हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करण्याचा कारखाना. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिथे हातातली घड्याळं बनू लागली. पुढे तुमकूर, राणीबाग आणि श्रीनगर इथेही कारखाने झाले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावं तुमच्या आजी-आजोबांना विचारा, डोळे चमकतील. त्या काळात दहावी पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर किंवा लग्नात जावयाला एचएमटी द्यायची पद्धत होती.

दरम्यान जगात एक मोठा बदल झाला. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सेको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ हातघड्याळ बाजारात आणलं. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. बॅटरीची वीज दिली की तो अतिशय नियमितपणे कंप पावतो, आजच्या साध्या घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा. २ ला २ ने गुणत १५ व्या घातापर्यंत गेलात की हीच संख्या येते. मुलांना करून बघायला सांगा. म्हणूनच ही संख्या पुन्हा पुन्हा निम्मी करत घड्याळाला बरोबर एक सेकंद मिळतो. आपल्याकडे १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी मिळून टायटन सुरू केली, होसूरला कारखाना उभा राहिला आणि क्वार्ट्झ घड्याळं घराघरांत पोहोचली. चावीच्या घड्याळांचं दुकान हळूहळू मिटत गेलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही घड्याळाची कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

काकांनी "दुसऱ्या एचएमटीतून भाग" असं का म्हटलं, ते यावरून कळतं. ही घड्याळं लाखोंनी बनली, म्हणून जुनी, मोडकी एचएमटी अजून बाजारात आहेत आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला उपलब्ध करून द्यावेत, हा त्यामागचा विचार आहे. चांगली गोष्ट आहे. पण ज्या घड्याळाचा कारखानाच बंद झाला, त्याचा हक्क शेवटी काकांच्या पेटीतल्या छोट्या डब्यांवर अवलंबून असतो.

वर्गातलं गणित

बंद घड्याळ मी एक दिवस चौथीच्या वर्गात नेलं. मुलं मोबाईलवर आकडे बघून वेळ सांगतात, काट्यांवरून सांगताना 'पावणे' आणि 'सव्वा' मध्ये अडखळतात. चावीचं घड्याळ तर कुणी हातात घेतलंच नव्हतं. मी चालण्याची रीत फळ्यावर सांगितली. चावी फिरवली की आतली पोलादी पट्टी गुंडाळली जाते, तिला मेन स्प्रिंग म्हणतात. ती उलगडायला बघते, त्या जोरावर चाकं फिरतात. चाकं भसाभस फिरू नयेत म्हणून शेवटी एक छोटं चाक मागेपुढे झुलतं, त्याला बॅलन्स म्हणतात. ते झुलताना दर वेळी थोडीशीच वाट मोकळी करतं. आपल्याला 'टिकटिक' ऐकू येते ती त्याची.

अशा घड्याळात तासाला १८,००० टिक होतात. मग मुलांनी हिशोब केला. मिनिटाला ३००. सेकंदाला ५. दिवसाला ४,३२,०००. वर्षाला १५,७६,८०,०००. आजोबांनी बाबांना हे घड्याळ १९८५ मध्ये दिलं आणि ते २०२४ मध्ये थांबलं. ३९ वर्षं धरली तर सहाशे कोटींच्या वर टिक. मध्ये एक-दोनदा दुरुस्तीला गेलं असेल ते सोडून देऊ. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग त्याला थकायचा हक्क आहे." वर्ग हसला, पण मला ते वाक्य आवडलं. पोलादी पट्टी इतक्या वेळा गुंडाळली आणि उलगडली तर ती कधीतरी तुटणारच. त्यात कुणाचा दोष नाही.

पुढचं गणित अचूकपणाचं. नीट दुरुस्त केलेलं असं चावीचं घड्याळ दिवसाला साधारण अर्धा मिनिट पुढे-मागे जातं. महिनाभर जुळवलंच नाही तर १५ मिनिटं. साधं बॅटरीचं घड्याळ महिन्याला साधारण १५ सेकंद चुकतं. म्हणजे ६० पट फरक! इथे भाऊ जिंकला असं वाटेल. पण आई तर रोज सकाळी काटे जुळवते. मग तिच्या घड्याळाची चूक कधीच अर्ध्या मिनिटापलीकडे जात नाही.

आणि परीक्षा? शिष्यवृत्तीचा एक पेपर ९० मिनिटांचा, प्रश्न ७५. एका प्रश्नाला ७२ सेकंद. दिवसाला ३० सेकंद चुकणारं घड्याळ ९० मिनिटांत किती चुकेल? दिवसात असे १६ भाग पडतात, ३० भागिले १६, म्हणजे दोन सेकंदांपेक्षाही कमी. पेपरसाठी दोन्ही घड्याळं सारखीच चांगली. अचूकपणाच्या मुद्द्यावर निर्णय होत नव्हता.

भाग बदलले तर वस्तू तीच राहते का?

हा दुसरा प्रश्न मी मुलांनाच विचारला. "बाई, माझ्या आजीच्या पाट्याला टाकी लावून घेतात, पाटा तोच राहतो," एक मुलगी म्हणाली. दुसऱ्याने घराच्या कौलांचं सांगितलं. पावसाळ्याच्या आधी घर शाकारतात, फुटकी कौलं काढून दुसरी बसवतात, म्हणून कुणी 'हे आमचं घर नाही' म्हणत नाही. मी कल्हईची आठवण सांगितली. पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा, पितळेची पातेली आतून पांढरीशुभ्र करून द्यायचा. कल्हई झिजते, पुन्हा लावतात, पातेलं पणजीचंच राहतं.

यातून मला एक रेघ मारता आली. वस्तूत काही भाग झिजण्यासाठीच असतात. स्प्रिंग, तेल, काच, पट्टा, चाकं हे त्यातले. ते बदलले तर घड्याळाचं काही हरवत नाही, उलट ते चालू राहतं. आणि काही भागांवर माणसाचा वापर उमटलेला असतो. पिवळी पडलेली डायल, चारजवळचा डाग, घासलेली केस. ती पावसात भिजलेल्या, घामेजलेल्या, ट्रे सांभाळत बसमध्ये उभ्या असलेल्या हाताची खूण आहे. ती रंगवून टाकली की घड्याळ नवं दिसेल, पण ते बाजारातलं कुणाचंही होईल. हल्ली जुन्या 'जनता'च्या नावाखाली अशी रंगवलेल्या डायलची घड्याळं भरपूर विकली जातात. डायल बदलायची नाही, हे माझं पक्कं झालं.

पण मग भावाचा दुसरा पर्याय उरतोच. डायल बाबांची आणि आत बॅटरीचं मशीन. माझ्याच रेघेप्रमाणे मशीन म्हणजे झिजणारा भाग. खर्चही कमी. मी जवळजवळ तिकडेच झुकले होते.

आईचं म्हणणं

एका रविवारी आम्ही दोघं आईजवळ बसलो. भावाने नीट समजावून सांगितलं, "आई, आता चावी द्यायला नको. दोन वर्षांनी सेल बदलायचा, बस."

आई म्हणाली, "मग मी काय करू?"

आम्हाला आधी कळलंच नाही. तिला वाटलं असेल की आपल्याला खर्चाबद्दल विचारताहेत, असं समजून भाऊ म्हणाला, "तू काहीच करायचं नाहीस. पैसे आम्ही देतो."

"तेच म्हणते. मी काय करू सकाळी?" आई म्हणाली. मग थांबून बोलली, "तुम्ही दोघं बाबांचं घड्याळ, बाबांचं घड्याळ म्हणता. ते माझ्या वडिलांनी दिलेलं आहे. लग्नात. त्या वर्षीचं भात विकून घेतलं होतं. यांची ड्युटी पहाटेची असायची, चहा होईपर्यंत मीच चावी द्यायचे. हे हातात बांधायचे नि निघायचे. निवृत्त होईपर्यंत असंच. आता हे नाहीत, वडीलही नाहीत. चावी द्यायचं काम तेवढं राहिलंय."

त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. भाऊ उठून पाणी प्यायला गेला.

आम्ही इतके दिवस घड्याळाचा हिशोब करत होतो. किती खर्च, किती अचूक, कोणता भाग कुणाचा. पण ती वस्तू घरात कोणतं काम करते आणि ते काम कोण करतं, हे आईने सांगितल्यावर बाकीचा हिशोब आपोआप लागला. बॅटरीचं मशीन घातलं असतं तर घड्याळ चाललं असतं, पण आईच्या सकाळीतलं चाळीस वर्षांचं काम बंद पडलं असतं. तिसऱ्या पर्यायात घड्याळ कपाटात गेलं असतं, म्हणजे तेच. पहिला पर्याय सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी भरवशाचा होता, पण काम चालू ठेवणारा तेवढा एकच होता.

मग काय ठरलं?

घड्याळ चावीचंच ठेवून दुरुस्त करायचं. स्प्रिंग नवी, गंजलेली दोन चाकं जुन्या एचएमटीतली, वरची काच बदलायची कारण आकडे दिसेनासे झाले होते. डायलला आणि केसला हात लावायचा नाही. १,४०० रुपये मी दिले, दोन महिन्यांत मिळून.

परीक्षेचं काय? गणिताने दोन्ही घड्याळं सारखी ठरली होती, तरी आजोबांचं घड्याळ मुलीला द्यायचं नाही असं ठरलं. ते आईजवळ असलं तरच त्याला रोज चावी मिळणार. शिवाय दहा-अकरा वर्षांच्या मुलीने परीक्षेच्या दिवशी प्रश्नांकडे बघावं, आजीची ठेव सांभाळत बसू नये. हे मुलीला सांगितल्यावर ती रुसली. तेव्हा भाऊ म्हणाला, "नवीन घड्याळ मामा घेईल." साध्या काट्यांचं, सहाशे पन्नास रुपयांचं घड्याळ त्याने आणलं. आई गमतीने म्हणाली, "आमच्याकडे घड्याळ माहेरच्यांनीच द्यायचं असतं." मुलगी हसली आणि रुसवा गेला.

म्हणजे दुरुस्ती की नवीन, या प्रश्नाचं आमचं उत्तर 'दोन्ही' असं आलं. दोन वेगळी कामं होती, म्हणून दोन घड्याळं.

काकांना तीन आठवडे लागले. एक चाक मिळायला वेळ गेला. घड्याळ देताना त्यांनी जुने काढलेले भाग एका छोट्या कागदी पुडीत बांधून दिले. मी ते मागितले होते. त्यांना विचारलं, हे काम तुमच्यानंतर कोण करणार? ते म्हणाले, "मुलगा करत नाही. त्याला बसून डोळे फोडायचे नाहीत. बरोबरच आहे त्याचं." एवढंच बोलून त्यांनी दुसरं घड्याळ भिंगाखाली घेतलं. खरी काळजी मला आता तिथे वाटते. आमची स्प्रिंग मिळाली, चाकं मिळाली, पण पुढच्या वेळी ती बसवणारा हात मिळेल का? बंद पडलेल्या कारखान्याचे भाग जुन्या घड्याळांतून काढता येतात. बंद पडलेला हात कशातून काढणार? म्हणून दुरुस्तीचे पैसे देताना आपण एका वस्तूसोबत एका कामालाही थोडे दिवस पुढे नेत असतो, असं मला वाटतं. ज्यांना परवडतं त्यांनी ते द्यावेत.

तुमच्याकडे जुनं घड्याळ असेल तर

माझ्या अनुभवातून काही कामाच्या गोष्टी सांगते.

१. चावी नुसतीच फिरत असेल किंवा फिरतच नसेल तर जोर करू नका. लगेच दाखवा.

२. दुरुस्तीला देण्याआधी घड्याळाचे पुढून-मागून फोटो काढा. शक्य असेल तर झाकण उघडल्यावर मशीनचाही फोटो घ्या.

३. काय बदलणार, किती खर्च आणि किती दिवसांची हमी, हे आधी विचारा. चिठ्ठीवर लिहून घ्या.

४. डायल रंगवू का, केस घासून चमकवू का, असं विचारलं तर घरी विचारून मगच हो म्हणा. ते परत पहिल्यासारखं करता येत नाही.

५. काढलेले जुने भाग परत मागा.

६. घड्याळ खूप दिवस बंद ठेवू नका. आतलं तेल सुकतं, आणि आपल्या कोकणपट्टीच्या हवेत गंज लवकर धरतो.

७. आणि सगळ्यात आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की हे घड्याळ घरात कसं आलं. त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. तुमच्या घरातली, तुमच्या जन्माआधीची एक वस्तू शोधा. ती कुणी, कधी, कशासाठी आणली ते आजी-आजोबांना विचारून दहा ओळींत लिहा.

२. त्या वस्तूचे झिजणारे भाग आणि जपायचे भाग अशी दोन रकान्यांत यादी करा.

३. एक घड्याळ दिवसाला २० सेकंद मागे पडतं. ते आठवडाभर जुळवलं नाही तर किती मिनिटं आणि किती सेकंद मागे पडेल?

४. तुमच्या गावात किंवा पेठेत अजून दुरुस्तीची कोणती कामं चालतात? छत्री, चप्पल, पाटा, शिलाई मशीन, घड्याळ. त्यातल्या एका कारागिराशी बोला. ते काम शिकायला किती वर्षं लागली, हे नक्की विचारा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून बाईंना दाखवा. पहिल्याचं आजीला वाचून दाखवा.